सत्याऐंशीवं मशीन

"बंद कर ते मशीन, नाहीतर मी सरळ भिंतीतलं बटण बंद करीन!"

दारात धोत्रेबाई उभ्या होत्या. एका हातात हळदकुंकवाचं ताट, दुसऱ्या हातात झेंडूच्या माळा, पदर कमरेला खोचलेला. सकाळचे सव्वादहा वाजले होते आणि दिवस खंडेनवमीचा होता.

"बाई, अकरापर्यंत दम धरा," मी म्हणाले. "मशीन चालू असलं तरच त्यात क्लायंट प्रोग्राम बसतो. बंद मशीनमध्ये काय मंतरून घालू?"

"ते मला नको सांगू. आज हत्यारांची पूजा. वर्षभर राबवता ना त्यांना? मग एक दिवस निजू द्या की बिचाऱ्यांना."

"अकराला सगळ्यांना निजवते. शब्द देते."

"अकरा म्हणजे अकरा. एक मिनिट वर झालं तर मी आहे आणि तू आहेस," असं म्हणत त्या आत आल्याच, आणि माझ्या चालू मॉनिटरच्या कपाळावर त्यांनी हळदकुंकू टेकवलं. "तुझ्या मशीनला पहिलं. बाकीच्या सगळ्या मशीनांची ही आई ना!"

या गोष्टीला आता तेरा वर्षं झाली. मी तेव्हा तेहतीस वर्षांची होते आणि टोणपे शिक्षण मंडळाच्या कॉलेजात संगणक विभाग सांभाळत होते. विभाग म्हणजे काय, तर जिन्याखालची खोली, एक सर्व्हर, एक कुरकुरणारा पंखा आणि मी. पण तोरा असा की विचारू नका. कॉलेजात शहाऐंशी मशीनं होती. प्रत्येकाला नेटवर्कवरचा क्रमांक मी स्वतः दिलेला, एक ते शहाऐंशी, आणि त्याचं स्टिकर मॉनिटरच्या कोपऱ्यात मी स्वतः चिकटवलेलं. कुठलं मशीन कुठं आहे ते मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. निदान मला तसं वाटायचं.

त्या वर्षी सोमवारी कॉलेजात तपासणी समिती येणार होती. समितीला सर्टिफिकेट हवं होतं, की इथल्या एकूण एक संगणकावर सुरक्षा क्लायंट बसवलेला आहे. क्लायंट म्हणजे मशीनच्या आत बसवलेला राखणदार. मशीनवर कोण बसलंय, आत काय चाललंय, याची खबर तो सर्व्हरवरच्या मुख्य प्रोग्रामला देत राहतो. मी माझ्या खोलीतून बटण दाबलं की तो नेटवर्कवरून ज्या त्या मशीनमध्ये जाऊन बसायचा. मला जागचं उठायलाही नको. फक्त मशीन चालू पाहिजे. आणि आमचे सेक्रेटरी दादासाहेब टोणपे यांनी या कामाला दिवस काढला तो नेमका खंडेनवमीचा. "दसऱ्याआधी सही झाली पाहिजे, बिडवेमॅडम," असं त्यांनी फोनवर बजावलं, आणि मी इकडे कपाळाला हात लावला.

धोत्रेबाई ताट घेऊन पुढच्या खोलीत गेल्या. पूर्वी त्या पहिल्यांदा परीक्षा विभागात जायच्या. छत्तीस वर्षं तो विभाग त्यांचा होता. आता तिथं त्यांना पाऊल टाकायची बंदी होती, आणि आवक-जावकच्या टेबलावर पाकिटांना शिक्के मारायचं काम दिलं होतं.

झालं होतं असं. महिन्याभरापूर्वी एका संध्याकाळी साडेसात वाजता अंतर्गत परीक्षेच्या नोंदीत अकरा मुलांचे गुण अचानक वाढले. नापास झालेले पास, आणि पास झालेले पहिल्या वर्गात. वाढवणाऱ्याचं लॉगिन धोत्रेबाईंचं होतं. त्या वेळी बाई घरी भाकऱ्या थापत होत्या, पण तव्याची साक्ष कोण काढणार? दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी चौकशी ठेवली होती. दोषी ठरल्या की बडतर्फ. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते.

"मला चोर म्हण, मी ऐकून घेईन," त्या मला म्हणाल्या होत्या. "पण कष्ट करणाऱ्या पोराच्या डोक्यावर बिनकष्टाचं पोर मी नेऊन बसवलं, असं कुणी म्हणालं ना, तर जीभ हासडीन त्याची."

प्राचार्य कुंभोजकर सरांनी त्यांना विचारलं होतं, की तुमचा पासवर्ड कुणाला सांगितलात का. सांगायची गरजच नव्हती. नवं सॉफ्टवेअर आलं तेव्हा सगळ्यांना एकच पासवर्ड मिळाला होता, आमच्या संस्थापकांचं नाव, अण्णासाहेब. नंतर ज्याने त्याने आपला बदलून घ्यायचा होता. सगळ्यांनी बदलला. बाईंनी नाही. मी दहादा सांगून पाहिलं.

"अण्णासाहेबांनी मला पाटीपासून शिकवलं," त्या म्हणायच्या. "त्यांचं नाव खोडून तिथं काय लिहू? दुधवाल्याचं?"

तर त्या सकाळी मी बटणं दाबत सुटले. ग्रंथालय झालं, लेखा विभाग झाला, दोन्ही प्रयोगशाळा झाल्या. पडद्यावरच्या यादीत एकेक मशीन हिरवं होत गेलं. तीन हट्टी निघाली, ती पुन्हा सुरू करायला लावली. अकराला पाच कमी असताना शहाऐंशीच्या शहाऐंशी हिरवी. मी खुर्चीत मागे रेलले आणि शिपाई किसनमामांना निरोप धाडला, की करा आता सगळं बंद.

मामांनी घंटा दिली. सगळ्या कॉलेजातली मशीनं पटापट बंद झाली, आणि माझ्या पडद्यावरची यादी वरून खाली राखाडी होत गेली. पूजेपुरतं माझं एकटं चालू ठेवायची परवानगी मी बाईंकडून काढली होती, कारण सर्टिफिकेटला जोडायची यादी छापायची होती. यादीच्या तळाशी आकडा असायचा, चालू मशीन किती. तिथं एक दिसायला हवा होता.

तिथं दोन होता.

कुणीतरी आळस केला असेल, असं म्हणून मी यादी वरपासून तपासली. माझं सोडून सगळी राखाडी. मग 'अनोळखी' नावाचा कप्पा उघडला. त्यात एरवी प्रिंटर आणि असलीच काहीबाही यंत्रं पडलेली असायची, म्हणून मी तिकडं कधी ढुंकूनही बघत नसे. प्रिंटरही आज निजलेले होते. एकच ओळ पिवळी होती. मशीन क्रमांक सत्याऐंशी. राखणदार नाही. चालू आहे.

हा आकडा मी आधी एकदा पाहिला होता. कुठं पाहिला होता ते सांगते, पण थोडं थांबून, कारण त्या क्षणी ते मला स्वतःलासुद्धा आठवायचं नव्हतं.

व्हरांड्यात नेटवर्कची पेटी होती. सगळ्या मशीनच्या केबल तिथं येऊन मिळायच्या, आणि प्रत्येक केबलपाशी एक इवला दिवा. एरवी ते सगळे असे लुकलुकत असत की कुठला कुणाचा ते देवालाही कळू नये. आज तीनच लुकलुकत होते. एक सर्व्हरचा, एक माझा. तिसऱ्या केबलीवर माझ्याआधी इथं असलेल्या माणसाच्या अक्षरात चिठ्ठी होती, 'अण्णा'. शताब्दीला अण्णासाहेबांच्या स्मृतिदालनात टीव्ही लावला होता, त्याची केबल. टीव्ही केव्हाच गेला होता.

स्मृतिदालन म्हणजे अण्णासाहेबांची जुनी बसायची खोली. त्यांची टोपी, काठी, लिहायचा टाक आणि चरखा तिथं मांडून ठेवला होता. दालनाला कायम कुलूप, किल्ली सेक्रेटरींकडे. फक्त खंडेनवमीला ती सकाळपासून सर्वांत जुन्या शिपायाच्या कमरेला असायची. त्यानं दालन झाडायचं, टाकाची आणि चरख्याची पूजा मांडायची, आणि पूजा झाल्यावरच किल्ली परत करायची. हा अण्णासाहेबांचाच घालून दिलेला नेम.

किसनमामा फडकं मारत होते.

"मॅडम, चपला भाईर."

"मामा, इथं एखादं मशीन आहे का?"

"हाय की. त्यो काय चरखा."

"कंप्यूटर हो, मामा."

"हितं कशाला यील त्यो? हितं मी आन हे मांजार." त्यांनी फडक्यानं खाली दाखवलं. चरख्याखाली लाकडी कपाट होतं आणि कपाटाला चिकटून एक गलेलठ्ठ मांजर झोपलं होतं. "खिडकीतनं येतंय मेलं. भाईरनं बघतो की मी, रोज त्याच जागी. त्या लाकडात काय ऊब हाय कुनास ठाव."

मी खाली बसले आणि कपाटाला हात लावला. लाकूड कोमट होतं. कडी काढली तर आत काळा डबा, मॉनिटर नाही, काही नाही, नुसता पंखा घुरघुरतोय. असा डबा घरबसल्या दुरूनही चालवता येतो. डब्यावर माझंच जुनं स्टिकर, प्रयोगशाळा दोन, मशीन चौदा. त्यावर पांढऱ्या रंगात 'भंगार' लिहिलेलं. आदल्या वर्षी मीच बारा जुनी मशीनं भंगारात काढली होती, आणि त्या यादीवर दादासाहेबांची सही होती.

"मामा, हे कपाट कधी केलं?"

"उन्हाळ्यात. दादासाहेबांनी सुतार आनला. म्हनले, चरख्याला बूड पायजे."

मी कडी लावली आणि पळत खोलीत आले. प्रयोगशाळेतल्या सगळ्या मशीनचा मुख्य पासवर्ड मीच दिलेला होता, आणि भंगारात काढताना तो कुणी बदलत बसत नाही. मी सत्याऐंशीवर बोट ठेवलं आणि क्लायंट धाडला. पाच मिनिटं मी खुर्चीत बसले नाही, उभीच राहिले. मग ओळ पिवळ्याची हिरवी झाली, आणि नव्या राखणदारानं पहिली खबर दिली. मशीनचं नाव अमुक, क्रमांक सत्याऐंशी, सध्या बसलेला वापरकर्ता 'विश्वजित'.

दादासाहेब हे लाडाचं नाव. कागदोपत्री ते विश्वजित टोणपे. अण्णासाहेबांचे सख्खे नातू.

मी तो कागद माझ्या मशीनलाच जोडलेल्या छोट्या प्रिंटरवर छापला, घडी करून ब्लाउजमध्ये खोचला, आणि धोत्रेबाईंना गाठलं. त्या जिन्यावर ताट घेऊन बसल्या होत्या.

"बाई, सगळं कुंकू संपवू नका. एका मशीनपुरतं राखून ठेवा."

"आता कुठलं राहिलं? शहाऐंशी मोजून केली मी, परीक्षा विभागातली दारातून ओवाळून."

"आहे एक उनाड. पूजेच्या वेळी सांगते."

बाराला दादासाहेबांचं बोलावणं आलं. वयानं माझ्याहून सातआठ वर्षांनी मोठे, बोलणं मऊ. कधी आवाज चढवायचे नाहीत. टेबलावर सर्टिफिकेट टाइप होऊन तयार होतं. 'संस्थेच्या सर्व ८६ संगणकांवर सुरक्षा क्लायंट बसवण्यात आला आहे.' मी पेन उघडलं, ८६ वर रेघ मारली, वर ८७ लिहिलं, आणि सही केली.

त्यांनी कागद उचलला.

"मॅडम, आकडा चुकला तुमचा."

"नाही चुकला, साहेब. सत्याऐंशीवं अण्णासाहेबांच्या चरख्याखाली आहे. तुमच्या सहीनं भंगारात गेलेलं. चालू आहे, आणि आत तुमच्या नावानं कुणीतरी बसलंय."

मला वाटलं, आता माणूस उसळेल. ते उसळले नाहीत. त्यांनी ड्रॉवर उघडला आणि दोन कागद माझ्यासमोर शेजारी शेजारी ठेवले.

"हे पहिलं तुमच्या नोकरीत कायम होण्याचं पत्र. आठ वर्षं तुम्ही हंगामी आहात. सोमवारी देणार होतो." मग त्यांनी दुसऱ्यावर बोट ठेवलं. "आणि हे तुमचंच. वाचून दाखवू?"

त्यांनी वाचलं.

"'नोंदीत दिसणारा क्रमांक ८७ आपल्या नेटवर्कवर अस्तित्वात नाही. सदर क्रमांकाची नोंद सदोष आहे. लॉगिन श्रीमती धोत्रे यांचेच आहे.' सही, ज्योत्स्ना बिडवे."

हो. ते मीच लिहिलं होतं. गुण कुठल्या मशीनवरून वाढले याची नोंद परीक्षेच्या सर्व्हरवर होती, आणि तिथं सत्याऐंशी हा आकडा स्पष्ट होता. कुंभोजकर सरांनी मला विचारलं, हे कुठलं मशीन? मी काय केलं? नेटवर्कवर शोधलं नाही. माझ्या वहीत शोधलं. वहीत शहाऐंशीपर्यंतच आकडे होते. मी दिला नाही तो क्रमांक असेलच कसा, या तोऱ्यात मी तीन ओळी खरडल्या आणि चहा प्यायला गेले. बाईंवरचं आरोपपत्र त्या तीन ओळींवर उभं होतं. आणि त्यानंतरचे तीन आठवडे मी रोज दुपारी त्यांच्या डब्यातली मेथीची भाजी खात होते.

"धोत्रेबाईंना तुम्ही अडकवलंत, मॅडम," दादासाहेब अगदी समजुतीनं म्हणाले. "मी एक ओळ लिहून दिलेली नाही. आता तुम्हीच उभं राहून म्हणणार, मी खोटं लिहिलं होतं? तुमच्या शब्दाला मग काय किंमत? त्यापेक्षा आकडा नीट करा, त्या डब्यातून तुमचा तो क्लायंट काढून टाका, आणि पत्र घेऊन घरी जा. उद्या दसरा आहे."

"आणि बाई?"

"त्यांचं बघू. थोडी सौम्य शिक्षा देऊ."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. स्वतःचाच राग इतका आला होता की दुसऱ्या कुणाची भीती वाटायला आत जागा उरली नव्हती.

"क्लायंट काढायला पासवर्ड लागतो, साहेब."

"मग टाका."

"नाही टाकत."

"मला सांगा, मी टाकतो."

"सांगणार नाही. आणि उगाच प्रयत्न करू नका. तो अण्णासाहेबांचं नाव नाहीये."

तेव्हा मात्र त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी घंटी दाबून किसनमामांना बोलावलं आणि दालनाची किल्ली मागितली. मामांनी कमरेवर हात ठेवला.

"पूजा झाल्याबिगर न्हाई, साहेब."

"मी मागतोय, मामा."

"थोरल्या सायबांनी मागितली असती तरी दिली नसती. त्येंचाच नेम हाय."

मी टेबलावरचं कायम होण्याचं पत्र तसंच ठेवलं आणि बाहेर आले. मागं वळायचं नाही, एवढं मनात पक्कं होतं.

साडेबाराला दालनात पूजा झाली. चाळीसेक माणसं दाटीवाटीनं उभी होती, प्राध्यापक, कारकून, ग्रंथपाल, सगळे अनवाणी. दादासाहेबांनी टाकाला कुंकू लावलं, चरख्याला हार घातला, आणि हात झटकल्यासारखे उठले.

"चला, झाली पूजा. प्रसाद बाहेर आहे. मामा, किल्ली द्या."

"थांबा," मी म्हणाले.

पहिल्यांदा कुणाला ऐकूच गेलं नाही. मी पुन्हा मोठ्यानं म्हणाले, "थांबा! एक मशीन पूजेचं राहिलंय. बाई, पुढं या."

"मॅडम, ही जागा नाही," दादासाहेब म्हणाले.

"जागा हीच आहे, साहेब."

मी चरख्याखाली बसले, मांजराला बाजूला सारलं, आणि कपाटाची कडी काढली. मांजर रागानं ओरडून कुंभोजकर सरांच्या पायांतून पळालं. मग दालनात फक्त त्या डब्याच्या पंख्याची घुरघुर ऐकू येत राहिली. माझं मशीन सोडलं तर सगळ्या कॉलेजात आज तेवढंच एक जागं होतं.

सर वाकले. चष्मा वर करून त्यांनी डब्यावरची अक्षरं वाचली.

"भंगार? अहो, हे इथं कसं?"

मी घडी केलेला कागद त्यांच्या हातात दिला. "सर, मोठ्यानं वाचा. सगळ्यांना ऐकू जाऊ द्या."

त्यांनी एकदा दादासाहेबांकडे बघितलं. मला वाटलं, सर शेपूट घालणार. पण चाळीस माणसं बघत होती. त्यांनी वाचलं. मशीनचं नाव वाचलं, क्रमांक वाचला, आणि वापरकर्त्याचं नाव वाचताना त्यांचा आवाज खाली गेला.

"पुन्हा सांगा," मागून धोत्रेबाई म्हणाल्या. "क्रमांक किती म्हणालात?"

"सत्याऐंशी."

बाई गर्दीतून पुढे आल्या. आरोपपत्र त्यांना तोंडपाठ होतं. तो आकडा त्यांनी तीन आठवडे उशाशी घेतला होता. ताट खाली ठेवून त्या कपाटापुढं मांडी घालून बसल्या, डब्याला हळद लावली, कुंकू लावलं, वर झेंडूचं फूल ठेवलं.

"जागाच होतास होय रे मेल्या?" त्या डब्याला म्हणाल्या. "सगळं कॉलेज निजवलं मी, आणि तू इथं बसलायस, अण्णासाहेबांच्या चरख्याखाली!"

ग्रंथपाल फिस्सकन हसले. मामा बटण बंद करायला वाकले तसा बाईंनी त्यांचा हात धरला.

"नको मामा. याला राहू द्या चालू."

दादासाहेब प्रसाद न घेता निघून गेले. कुंभोजकर सरांनी मामांपुढं हात केला. "पूजा झाली ना? मग किल्ली चौकशीपर्यंत माझ्याकडे राहील." मामांनी जरा विचार केला आणि दिली.

लोक बाईंभोवती गोळा झाले. कुणी पेढा भरवत होतं, कुणी पाया पडत होतं. मी मागच्या मागं सटकले. माझी तीन ओळींची गोष्ट अजून कुणाला कळलेली नव्हती, आणि बाईंच्या नजरेला नजर द्यायची माझी हिंमत नव्हती.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याला, आपट्याची पानं घेऊन मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी दार उघडलं, बस म्हणाल्या, पाणी आणून दिलं. मी ग्लासला हात लावला नाही.

"बाई, तो अहवाल मी लिहिला होता. सत्याऐंशी नंबरचं मशीन नाही म्हणून."

"माहीत आहे मला."

"कुणी सांगितलं?"

"आरोपपत्राला जोडलेला होता की. तुझी सही मी ओळखत नाही होय? नोकरीला लागलीस त्या दिवशी हजेरीबुकात पहिली सही कुठं करायची ते मीच दाखवलं होतं तुला."

तीन आठवडे त्यांना माहीत होतं. तीन आठवडे त्या डब्याचं झाकण माझ्यापुढं सरकवत होत्या, आणि घे गं अजून, म्हणत होत्या.

"मग काल सकाळी माझ्या मशीनला पहिलं कुंकू कसं लावलंत?"

"मशीननं माझं काय घोडं मारलं होतं?"

हे त्या हसून म्हणाल्या नाहीत. मी पर्समधून पानं काढली आणि पुढं केली. "बाई, सोनं घ्या."

त्यांनी हात मांडीवरच ठेवला.

"उद्या दे. आधी लिहिलंस ते सगळ्यांसमोर खोड. वाट बघ म्हणावं माझ्या सोन्याला."

मी पानं पुन्हा पर्समध्ये ठेवली आणि रडत घरी आले. अख्ख्या रस्त्यावर लोक एकमेकांना सोनं देत होते, मलाही देत होते, आणि मी घेत होते. पण ती पर्समधली पानं मी कुणालाही दिली नाहीत.

चौकशीला तीन माणसं बसली होती आणि मधल्या खुर्चीवर बाहेरून आलेले एक निवृत्त प्राचार्य होते. दादासाहेबांची खुर्ची रिकामी होती, प्रकृती बरी नाही असा निरोप होता. मशीनचे कागद आधीच पोचले होते. माझं नाव पुकारलं तेव्हा मी म्हणाले, "मला माझा मूळ अहवाल द्या."

"कशाला?"

"दुरुस्त करायचाय."

त्यांनी दिला. मी तिन्ही ओळींवर सरळ रेघ मारली आणि खाली लिहिलं, 'क्रमांक ८७ अस्तित्वात आहे. मी तो शोधलाच नव्हता. चूक माझी आहे, श्रीमती धोत्रे यांची नाही.' खाली पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट.

"बिडवेमॅडम," ते गृहस्थ म्हणाले, "यावरून तुमच्यावर कारवाई होईल. कल्पना आहे ना?"

"होऊ द्या."

"तुम्ही अजून कायम नाही."

"नाही, सर. तेही माहीत आहे."

कारवाई झालीच. दिवाळीच्या आत माझी नोकरी गेली, आणि ते पत्र त्या ड्रॉवरमधून कधी बाहेर आलं नाही. दादासाहेबांनी पैसे घेऊन वाढवलेले अकरा मुलांचे गुण होते तिथं परत आले, सेक्रेटरींच्या दारावरची पाटी नवं वर्ष लागायच्या आत बदलली, आणि धोत्रेबाई उरलेले तेरा महिने परीक्षा विभागात आपल्या जुन्या खुर्चीवर बसल्या. पासवर्डही बदलला त्यांनी. काय ठेवला ते मलासुद्धा सांगितलं नाही. मला त्या नोकरीचं दुःख एक दिवससुद्धा झालं नाही असं म्हटलं तर खोटं होईल. पण पुन्हा तो कागद समोर आला, तर मी पुन्हा रेघ मारीन, आणि याहून जाड मारीन.

हे सगळं नंतरचं. त्या दिवशी मी चौकशीच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा बाई व्हरांड्यातल्या बाकावर, नेटवर्कच्या पेटीखाली बसल्या होत्या. डोक्यावर सगळे दिवे पुन्हा लुकलुकत होते.

"झालं?"

"झालं."

"खोडलंस?"

"खोडलं. सगळ्यांसमोर."

त्यांनी माझ्याकडे नीट बघून घेतलं. मग उजवा हात पुढं केला, तळवा वर.

"मग आण माझं सोनं. कालपासून पर्समध्ये कोंबून हिंडतेस, सुकवलीस की गं सगळी पानं."